ब्राउझर ‘कनेक्शन खाजगी नाही’ म्हणतो तेव्हा दोष नेमका कुणाचा?

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या सेतू केंद्रांपुढे आणि उरल्यासुरल्या नेट कॅफेंपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्ती, प्रवेशाचा अर्ज, सगळं त्याच काही आठवड्यांत. मुदत संपायला थोडे तास उरलेले असतात आणि अर्जाच्या जागी पडद्यावर लाल त्रिकोण येतो. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ खाली इंग्रजी कॅपिटल अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, ती कुणी वाचत नाही.

मग सल्ले सुरू होतात. कॅशे साफ कर. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघ. अँटिव्हायरस बंद कर. विंडोज नवीन टाक. आणि सगळ्यांत लाडका सल्ला म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड’ दाब, खालच्या लिंकवरून पुढे जा, काही होत नाही बाप्पा!

यातले एकदोन सल्ले कधीकधी लागू पडतात, पण कोणता कधी हे सांगणारा माणूस रांगेत नसतो. खरं तर ही चूक तीनच ठिकाणी असू शकते. तुमच्या संगणकात किंवा फोनमध्ये, तुम्ही ज्या नेटवर आहात त्यात, किंवा त्या साईटच्या सर्व्हरवर. कुठे आहे ते कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं, आणि ते कळायला दोन-पाच मिनिटं पुरतात.

ब्राउझर अडवतो कशासाठी?

ज्या साईटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो, तिच्याशी तुमचा संगणक जे काही बोलतो ते सांकेतिक करून पाठवलं जातं. धरमपेठेतल्या तुमच्या घरातून निघालेला पासवर्ड राउटर, केबलवाल्याची कंपनी, मोठमोठ्या नेटवर्क कंपन्या अशा बऱ्याच हातांतून पुढे जातो. मधल्या कुणालाही तो वाचता येऊ नये म्हणून ही सोय. ती ज्या नियमांनी चालते त्यांना ‘टीएलएस’ म्हणतात. याचा पूर्वज ‘एसएसएल’ नेटस्केप कंपनीने १९९०च्या दशकात आणला, १९९९मध्ये टीएलएस आलं, आणि आज २००८ची १.२ व २०१८ची १.३ या आवृत्त्या चालतात. दुकानात मात्र अजून सगळे एसएसएलच म्हणतात, त्याने काही अडत नाही.

पण नुसतं सांकेतिक करून भागत नाही. समोर बसलेला खरोखर तुमची बँक आहे की बँकेचं सोंग घेतलेला कुणी भामटा, हे ठरलं नाही तर तुम्ही पासवर्ड अगदी सुरक्षितपणे चोराच्या हातात द्याल. म्हणून ब्राउझर बोलणं सुरू होण्याआधी समोरच्याची ओळख मागतो. लाल त्रिकोण येतो तो या ओळखीच्या टप्प्यावर.

मनीषनगरातल्या किंवा बेसाकडच्या एखाद्या फ्लॅट स्कीमच्या गेटवरचा चौकीदार डोळ्यांपुढे आणा. एक माणूस येतो, म्हणतो मी वीज कंपनीचा, मीटर बघायचं आहे. चौकीदार ओळखपत्र मागतो. कार्डावरचं नाव आणि माणूस सांगतो ते नाव एकच आहे का, हे बघतो. कार्डाची मुदत चालू आहे का, हे बघतो. कार्ड ज्या कार्यालयाने दिलं ते सेक्रेटरीने दिलेल्या यादीत आहे का, हे बघतो. आणि चौकीदार खमक्या असेल तर कार्डावरच्या नमुन्याप्रमाणे वहीत सही करायला लावतो, कारण कार्डाची झेरॉक्स कुणीही आणेल, सही ज्याची त्यालाच जमते.

ब्राउझर अगदी हेच करतो. कार्डाच्या जागी असतं साईटचं ‘सर्टिफिकेट’. ते देणाऱ्या मोजक्या संस्था जगभर आहेत. त्यांतली लेट्स एन्क्रिप्ट फुकट देते, बाकीच्या बऱ्याच पैसे घेतात, आणि बेंगळुरूची ई-मुद्रा ही आपल्या देशातली आहे. सेक्रेटरीची यादी म्हणजे ज्या संस्थांवर विश्वास ठेवायचा त्यांची ब्राउझरमध्ये किंवा विंडोज, अँड्रॉइडमध्ये भरलेली यादी. फायरफॉक्स पहिल्यापासून स्वतःची यादी बाळगतो, डेस्कटॉपवर क्रोमनेही आता स्वतःची केली आहे. एकाच संगणकावर एका ब्राउझरमध्ये साईट उघडते आणि दुसऱ्यात नाही, याचं एक कारण हे.

त्या न वाचलेल्या इंग्रजी ओळीत चौकीदाराने कशावरून अडवलं तेच लिहिलेलं असतं. शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदतीचा प्रश्न. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे कार्ड दुसऱ्याच नावाचं. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे कार्ड देणारं कार्यालय यादीत नाही. फायरफॉक्स हेच वेगळ्या शब्दांत सांगतो, ‘अननोन इश्युअर’ वगैरे. लाल त्रिकोण बघून घाबरण्यापेक्षा ही एक ओळ वाचावी.

दोष कुणाचा, ते कसं ओळखायचं

तीच साईट फोनवर उघडा, पण वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. आणि अडलेल्या संगणकावर दुसऱ्या दोन-तीन मोठ्या साईट उघडून बघा, एखादं वर्तमानपत्र, विकिपीडिया.

संगणकावर सगळंच अडतंय आणि फोनवर सगळं नीट चालतंय, तर गडबड संगणकात आहे किंवा तुमच्या वायफायमध्ये. फोनचा हॉटस्पॉट त्या संगणकाला जोडून बघितलं की यातलं कोणतं तेही कळतं. सगळं चालतंय आणि एकच साईट दोन्हीकडे अडतेय, तर दोष साईटचा. एवढं साधं आहे, पण मी पाहिलेल्या दहातल्या नऊ जणांनी हे न करता थेट विंडोजच्या सेटिंगमध्ये हात घातलेला असतो.

सगळंच अडलंय? आधी तारीख बघा

चौकीदाराच्या भिंतीवरचं कॅलेंडर २०१२चं असेल तर तो आजचं प्रत्येक कार्ड ‘अजून सुरूच झालेलं नाही’ म्हणून परत करेल. संगणकाची तारीख चुकली की हेच होतं. क्रोम बऱ्याचदा स्पष्ट सांगतोही की तुमचं घड्याळ मागे आहे किंवा पुढे आहे.

तारीख आपोआप का चुकते? डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. प्लग जोडलेला असेल तर घड्याळाला वीज बोर्डाकडून मिळते आणि सेलवर ताण येत नाही. प्लग काढून ठेवला की सगळा भार सेलवर. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे कॉम्प्युटर लॅबचे प्लग एप्रिल-मेपासून काढलेले. त्यात खोलीतली ती उष्णता. जुना सेल त्यात मान टाकतो आणि शाळा सुरू झाल्यावर संगणक उठतो तो बोर्ड बनलं त्या जमान्यात. मग लॅबमध्ये एकही साईट उघडत नाही आणि खापर फुटतं नेट कंपनीवर.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, बर्डीवर तर कुठेही. जुना काढताना कोणती बाजू वर होती ते बघून ठेवायचं, एवढंच. सेल बदलेपर्यंत काम चालवायचं तर तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये आधी तारीख हाताने दुरुस्त करा आणि मग वेळ आपोआप जुळवण्याचं बटण चालू करा. क्रम हाच ठेवा, कारण फरक वर्षांचा असला तर विंडोज कधीकधी स्वतःहून तो भरून काढायला नकार देतं.

टाइम झोनही तपासा. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर तो अमेरिकेचा राहून गेलेला असतो आणि घड्याळाचे काटे मात्र कुणीतरी हाताने आपल्या वेळेवर आणलेले असतात. दिसायला वेळ बरोबर, आतला हिशेब बारा-तेरा तासांनी चुकलेला. यादीत ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ असं लिहिलेलं निवडायचं. झिरो माइलचा दगड आपल्याकडे असला तरी त्या यादीत नागपूर नाही, शोधू नका.

तारीख बरोबर असून सगळं अडतंय, तर दोन संशयित उरतात. एक, फार जुनी यंत्रणा. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ची. त्यानंतर त्या संगणकावरचा क्रोम जागचा हललेला नाही. विश्वासार्ह संस्थांची यादीही अशा यंत्रांत शिळी होत जाते. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेट यादीतल्या ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या (कार्ड देणाऱ्या कार्यालयाच्या स्वतःच्या कार्डाच्या) आधाराने चालत, ते ३० सप्टेंबर २०२१ला संपलं आणि त्या दिवशी जगभर जुन्या यंत्रांवर धडधाकट साईट बंद पडल्या. अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या फोनांसाठी खास पळवाट काढली होती, तीही सप्टेंबर २०२४अखेर संपली. घरातल्या आजोबांच्या जुन्या फोनवर अर्ध्या साईट उघडत नसतील तर त्यांनी काही दाबलं म्हणून नव्हे, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

दुसरा संशयित अँटिव्हायरस.

अँटिव्हायरस बंद करू की नको?

पूर्ण बंद करू नका. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणीतलाही मजकूर तपासतात. त्यासाठी ते ब्राउझर आणि साईट यांच्या मधे उभे राहतात, साईटचं कार्ड स्वतः घेतात आणि ब्राउझरला आपण छापलेलं कार्ड दाखवतात. स्वतःचं नाव त्यांनी यादीत आधीच घुसवलेलं असतं, म्हणून चौकीदार काही म्हणत नाही. ते नाव यादीतून निघालं, किंवा फायरफॉक्सच्या वेगळ्या यादीत पोचलंच नाही, की प्रत्येक साईटवर ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ किंवा ‘अननोन इश्युअर’.

ओळखणं सोपं आहे. पत्त्याच्या डावीकडे ‘नॉट सिक्युअर’ लिहिलेलं असतं तिथे क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि ‘इश्यूड बाय’ वाचा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव निघालं तर गुन्हेगार सापडला. त्याला अपडेट करा, आणि तरी जमलं नाही तर त्याच्या सेटिंगमधला फक्त सुरक्षित साईट तपासण्याचा पर्याय बंद करा. बाकी पहारा चालू राहू द्या.

‘इश्यूड बाय’मध्ये अनोळखीच नाव दिसलं, आणि तुम्ही घरच्या नेटवर आहात, तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. काही हानिकारक सॉफ्टवेअर नेमकी हीच युक्ती वापरतात. अशा यंत्रावरून बँकेत जाऊ नका, आधी ते साफ करून घ्या.

घरी चालतं, स्टेशनवर नाही

नागपूर स्टेशनवर रेलवायरचं फुकट वायफाय जोडलं की ते आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. तो टप्पा होईपर्यंत तुम्ही कुठेही जायला निघालात तरी असं नेटवर्क तुम्हाला आपल्या लॉग-इन पानावर वळवू बघतं. तुम्ही मागितली बँक आणि समोर आलं वायफायवाल्याचं कार्ड, ब्राउझर चिडणारच. हे विमानतळावर होतं, हॉटेलात होतं, हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये होतं. आजकालचे फोन लॉग-इनचं पान स्वतः पुढे करतात. केलं नाही तर सुरक्षित नसलेली एखादी साधी साईट उघडायची, तिथे वळवायला अडचण येत नाही. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साईट याच कामासाठी बनवलेली आहे. लॉग-इन झालं की तक्रार संपते.

कॉलेज, कंपन्या आणि हिंगणा-बुटीबोरीकडच्या कारखान्यांची ऑफिसं यांचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे अनेकदा फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणारी यंत्रणा, बसवलेली असते आणि ती अँटिव्हायरससारखीच मधे उभी राहते. ऑफिसच्या संगणकांवर तिचं नाव यादीत घातलेलं असतं. तुम्ही स्वतःचा लॅपटॉप त्या वायफायला जोडलात की प्रत्येक साईट लाल. आयटीवाला म्हणेल, ही फाइल इन्स्टॉल कर, सगळं सुरू होईल. होईल खरं. पण त्यानंतर त्या नेटवर तुम्ही उघडलेलं बरंच काही ऑफिसच्या यंत्रणेला वाचता येईल, हे समजून मग हो म्हणा. ऑफिसच्या यंत्रावर ऑफिसचा हक्क आहेच. स्वतःच्या फोनवर मी तरी ती फाइल घेणार नाही, खाजगी कामाला मोबाइल डेटा आहे.

एकच साईट अडलीय, आणि काल तर उघडत होती!

कालपर्यंत सर्टिफिकेटची मुदत होती, आज संपली. बहुतेक वेळा एवढंच असतं. कुणीतरी नूतनीकरण करायचं विसरलं. छोट्या कॉलेजांपासून जगातल्या बड्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांकडून हे झालेलं आहे.

इथे तुमच्या हातात काही नाही. कॅशे साफ करून संपलेली मुदत वाढत नाही. लॉग-इन तेवढे उडतात आणि पासवर्ड पुन्हा आठवत बसावं लागतं. साईटवाल्यांना कळवा आणि थांबा. कळवताना त्रिकोणाखालची ती ओळ, साईटचा पूर्ण पत्ता आणि दिनांक-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवा. ‘साईट चालत नाही’ एवढ्यावर हेल्पलाइनचा माणूस तुम्हालाच कॅशे साफ करायला सांगेल.

हा प्रकार येत्या काही वर्षांत वाढण्याची चिन्हं आहेत, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. पूर्वी सर्टिफिकेट काही वर्षांचं मिळायचं. सप्टेंबर २०२०पासून ते जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आलं. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या एकत्रित मंचाने, म्हणजे सीए-ब्राउझर फोरमने, एप्रिल २०२५मध्ये ॲपलच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. त्याप्रमाणे १५ मार्च २०२६पासून नवं सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचं, १५ मार्च २०२७पासून १०० दिवसांचं आणि १५ मार्च २०२९पासून अवघ्या ४७ दिवसांचं.

इतकी घाई कशाला? कारण एखाद्या साईटची गुप्त किल्ली, म्हणजे चौकीदारापुढची ती सही जिच्या जोरावर होते ती, चोरीला गेली तर तिचं सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय कागदावर आहे, पण ती बातमी जगातल्या प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेत पोचेल याची खात्री नसते. मुदतच छोटी असली की चोराला वापरायला दिवस थोडे. ज्यांच्याकडे नूतनीकरण आपोआप होतं त्यांना काही जाणवणार नाही. जिथे अजून एक क्लार्क वहीत तारीख लिहून ठेवतो आणि मग फाइल वर पाठवतो, तिथे वर्षातून सात-आठ वेळा हे करायची पाळी येईल.

मुदत शाबूत असून एकच साईट अडली, तर नावाचा घोळ बघा. सर्टिफिकेट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाल्या पत्त्याचं घेतलेलं असतं आणि तुम्ही त्याशिवायचा पत्ता टाकलेला असतो, किंवा उलट. जोडून किंवा काढून बघायला काही लागत नाही. तिसरा प्रकार अतिजुन्या सर्व्हरचा. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मोठ्या ब्राउझरांनी २०२०पासून बंद करायला घेतल्या. काही संस्थांचे सर्व्हर तरीही तिथेच आहेत, मग ब्राउझर ‘व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच’ म्हणतो. यावर तुमच्याकडे इलाज नाही. मुद्दाम जुना ब्राउझर शोधून टाकणं हा तर इलाज नव्हेच.

पण सरकारी साईट आहे, तिच्यावर काय संशय घ्यायचा?

ब्राउझरचा संशय सरकारवर नसतोच. तुम्ही ज्याच्यापर्यंत पोचलात तो सरकारच आहे का, एवढंच त्याला सिद्ध करून हवं असतं. गेटवर आलेला माणूस ‘मी कलेक्टर ऑफिसातून आलोय’ म्हणाला म्हणून चौकीदार कार्ड बघायचं सोडत नाही, उलट जास्त नीट बघतो.

आणि सरकारी शिक्का असला तरी चूक होऊ शकते, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. जुलै २०१४मध्ये गुगलला आढळलं की त्यांच्या काही पत्त्यांसाठी परवानगीशिवाय सर्टिफिकेट निघाली आहेत, आणि ती निघाली होती एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून. तिच्या डोक्यावर होतं केंद्राचं सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांचं नियंत्रक कार्यालय, आणि त्याचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. विंडोजवर म्हणूनच धोका होता. फायरफॉक्सच्या यादीत ते नाव नव्हतं, त्याच्या वापरकर्त्यांना झळ लागली नाही. सीसीएने ती सर्टिफिकेट रद्द केली, मायक्रोसॉफ्टने विश्वास काढून घेतला, गुगलने सीसीएची मान्यता gov.in, nic.in यांसारख्या मोजक्या भारतीय पत्त्यांपुरती सीमित केली. त्याआधी २०११मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत घुसून हल्लेखोरांनी खोटी सर्टिफिकेट काढली होती. ब्राउझरांनी तिला यादीतून हाकललं आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं निघालं. यादीत जागा मिळणं जितकं मोलाचं, तितकीच ती जायला वेळ लागत नाही.

‘पुढे जा’ दाबलं तर काय बिघडतं?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, म्हणून तर सवय लागते. पण ज्या वेळी खरोखर मधे कुणी बसलेला असतो, त्या वेळीही पडदा अगदी तसाच दिसतो.

माझा नियम असा. पासवर्ड, ओटीपी, आधार, कार्डाचा नंबर यातलं काहीही टाकायचं असेल तर पुढे जायचं नाही, साईट कोणाचीही असो. पैसे भरायच्या सूचना तिथून वाचायच्या असतील तरी नाही, कारण मधल्याला पानावरचा खाते क्रमांकही बदलता येतो. कालच मुदत संपलेल्या साईटवर एखादी सूचना नुसती वाचायची असेल, आणि तुम्ही घरच्या नेटवर असाल, तर धोका कमी. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ आणि तेही सार्वजनिक वायफायवर, तर तिथून निघायचं.

जिथे पुढे जाणं रास्त आहे अशा जागाही आहेत. घरच्या राउटरचं सेटिंगचं पान, १९२.१६८ने सुरू होणारं, स्वतःच स्वतःला कार्ड देतं, तिथे इशारा येणं साहजिक. जीएसटी पोर्टलवर डीएससी, म्हणजे डिजिटल सही, वापरणाऱ्या कर सल्लागारांना एमसायनरचा अनुभव असेल. तो प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर चालतो, पत्ता १२७.०.०.१ असतो, आणि त्याचं सर्टिफिकेट एकदा स्वीकारावं लागतं. १२७.०.०.१ म्हणजे हाच संगणक. घरातल्या घरात बोलणं चाललेलं आहे, मधे कुणी नाही.

बँका, जीमेल यांसारख्या साईटवर पुढे जायची लिंकच दिसत नाही. त्या साईटनी ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं की आमच्या बाबतीत कोणतीही सवलत नको. याला ‘एचएसटीएस’ म्हणतात. यावर तोडगा म्हणून व्हिडिओंत ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये एक ओळ घालायला सांगतात, ज्याने सर्टिफिकेटची तपासणीच बंद होते. एका साईटपायी गेट सताड उघडं टाकून चौकीदाराला घरी पाठवण्याचा हा प्रकार, तो करू नका. आणि एखाद्या पानाने ‘सर्टिफिकेट अपडेट’ नावाची फाइल किंवा एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) डाउनलोड करायला सांगितलं तर ते नक्की फसवणुकीचं. साईटचं सर्टिफिकेट साईटवाल्याने बदलायचं असतं, त्यासाठी वाचकाला काहीही उतरवून घ्यावं लागत नाही.

मग इशारा नसला की साईट खरी?

नाही. चौकीदार एवढंच सांगतो की कार्डावरचं नाव आणि माणसाने सांगितलेलं नाव एक आहे. माणूस सज्जन आहे की नाही, हे तो सांगत नाही. बँकेच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे करून कुणी पत्ता नोंदवला, तर त्या पत्त्याचं अस्सल सर्टिफिकेट त्याला फुकटात मिळतं. लोक कुलपाचं चित्र बघून निर्धास्त होतात हे लक्षात आल्यावर क्रोमने सप्टेंबर २०२३मध्ये ते चित्रच पत्त्याच्या पट्टीतून काढलं.

बँकांपुरती एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली साईट ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बुकमार्क जुना असेल तर एकदा बदलून घ्या, आणि बँकेच्या नावाने आलेली लिंक दुसऱ्याच शेवटाची असेल तर पासवर्ड टाकू नका. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तुमचीच साईट असेल तर

कोचिंग क्लास, दवाखाना, संत्र्याचा व्यापार, पतसंस्था, आजकाल सगळ्यांची साईट असते, आणि ती बनवून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये सर्टिफिकेटचं नूतनीकरण ‘ऑटो’वर आहे का ते बघा. अनेक कंपन्या लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट फुकट लावून देतात आणि आपोआप बदलतात. डोमेनची मुदत वेगळी आणि सर्टिफिकेटची वेगळी, एकाचे पैसे भरले म्हणजे दुसरं झालं असं नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही पत्ते तपासा.

सर्टिफिकेट बसवताना देणाऱ्या संस्थेने सोबत दिलेलं मधलं सर्टिफिकेट, म्हणजे तुमचं सर्टिफिकेट आणि यादीतलं मूळ सर्टिफिकेट यांना जोडणारा दुवा, सर्व्हरवर टाकायचं राहून जातं, ही नवख्यांची नेहमीची चूक. मग साईट तुमच्या ब्राउझरमध्ये उघडते, कारण त्याला ते मधलं सर्टिफिकेट आधीच कुठूनतरी मिळालेलं असतं, आणि काही ग्राहकांकडे उघडत नाही. ग्राहक म्हणतो बंद आहे, तुम्ही म्हणता चालू आहे, दोघंही खरं बोलत असता. क्वॉलिसच्या एसएसएल लॅब्ज या साईटवर आपला पत्ता टाकला की फुकट तपासणी होते आणि हा दोष ‘चेन इन्कम्प्लीट’ म्हणून तिथे दिसतो. तो स्क्रीनशॉट होस्टिंगवाल्याला पाठवा, तुम्ही फोनवर सांगाल त्यापेक्षा त्याला तो लवकर कळेल.